मासा आल्याची वर्दी

प्रस्तुत लेखकाला मासे पकडता येत नाहीत. मात्र फिश फाइंडरची सेटिंग्ज त्याच्याइतकी मालवणात कुणाला कळत नाहीत, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. मित्राच्या होडीवर पाय पडताच तो यंत्राचा ताबा घेतो. ५० किलोहर्ट्झचा ध्वनी रुंद पसरत खोल जातो, २०० चा उथळ पाण्यातले बारकावे टिपतो, असं तो तांडेलाला ऐकवतो. तांडेल मान डोलावतो. समुद्रावर मान तशीही डोलतेच.

फिश अलार्म हा लेखकाचा विशेष लाडका. सेन्सिटिव्हिटी टोकाला नेली, की पंख्याने घुसळलेले बुडबुडे, प्लवंग, वाहून आलेली पिशवी, कशातही यंत्राला मासा दिसू लागतो. उपवर मुलीच्या बापाला जिकडेतिकडे स्थळं दिसावीत तसा. पडद्यावर गोंडस मासे उमटतात आणि पीं-पीं सुरू होते.

“मासो घंटी वाजवन येना नाय, साहेबानू,” म्हणत तांडेल आवाज बंद करतो.

इथे विषयांतर अटळ आहे. यंत्राला खरं तर मासा दिसत नाही, त्याच्या पोटातली हवा दिसते. ध्वनी समुद्रातून सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. माशाचं मांस त्याला जवळजवळ पाण्यासारखंच, त्यामुळे प्रतिध्वनीचा मोठा वाटा वाताशयाचा. घोळीचा हाच वाताशय, म्हणजे बोत, वाळवून परदेशी जातो आणि घोळीच्या मांसापेक्षा कितीतरी जास्त भाव खातो. नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये व्यवहारात चालणारं पहिलं यंत्र आणलं ते मासे शोधायला. शोधू लागलं ते हवा! मुशीला आणि वाघळीला तर वाताशयच नाही. इतक्या मोठ्या देहाची मुशी यंत्राला जेमतेम अंधूक दिसते, याबद्दल लेखकाला तिचा फार आदर वाटतो. हे सगळं तो दर खेपेला सांगतो. खलाशी तेव्हा चहा ठेवायला उठतात.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. पर्ससीनच्या मोठ्या बोटींवरचा सोनार खाली नव्हे, चहूकडे आडवा पाहतो आणि थवा किनाऱ्याला लागण्याआधीच जाळ्यात घेरला जातो. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांनी मात्र वाळूवर उभं राहून त्याची वाट पाहायची. तांडेलाचे वडील रापणीवरच होते. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी भांडण मिटलं नाही. तांडेल यावर गप्प असतो. तावातावाने बोलतो तो लेखक. त्या तावात बाजारात महागलेल्या बांगड्याचाही राग मिसळलेला असतो.

तांडेल चालू ठेवतो तो एकच अलार्म, उथळ पाण्याचा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती बुडालेले खडक पुष्कळ. लेखकाने तो ३ मीटरवर लावला.

“म्हणजे किती वाव?”

लेखकाने मनातल्या मनात १.८३ ने भागायला घेतलं. तो दशांशचिन्हापाशी अडखळला होता, तोवर तांडेलाने मीटर काढून फॅदम, म्हणजे वाव, निवडले, आकडा २ वर नेला आणि सुकाणू वळवलं.