इंजिनाचा साजशृंगार

जळगाव-धुळ्यातल्या जुन्या फियाटवाल्यांचं जाहीर अभिनंदन! कुर्ल्यात बनलेली १९६४ची डिलाइट, १०८९ सीसी. पितळी रेडिएटर चिंचेने घासलेला, टॅपेट कव्हरला क्रोम, वायरी नवरीच्या वेणीसारख्या गुंफलेल्या. सुवर्णनगरीत आता कार्ब्युरेटरला हॉलमार्क तेवढा राहिला. इंजिन चालू करणं अर्थातच असंस्कृतपणा. ऑइल उडतं, वर महामार्गाची धूळ. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली, व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं असल्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. त्यातलं पेट्रोल आमच्या रसिकांनी स्वेच्छेने सोडलंय. परवा एक फियाट बॉनेट उघडं टाकून दिमाखात प्रदर्शनाला निघाली. ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं इंजिन मात्र भलतंच गलिच्छ. चालू होतं ना!