मध्यंतरापर्यंतचे काका

काकांनी एकही जुना पिक्चर शेवटपर्यंत पाहिलेला नाही, आणि एकाही जुन्या पिक्चरबद्दलचं त्यांचं मत अर्धवट नाही.

असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्याकडचे पहिल्या मजल्यावर राहतात. खाली कट्ट्यावर सिनेमाचा विषय निघाला की त्यांना जिना उतरावा लागत नाही, गॅलरीतूनच निकाल येतो.

"'प्यासा'? गाणी होती. माणूस मात्र फार कुढा."

"'कुंकू'? ठीक. आवाज खराब होता."

"'दो आँखें बारह हाथ'? बारा म्हणून सांगितले आणि कैदी सहाच दाखवले. मी मोजले."

बारा हातांना सहाच माणसं लागतात हे त्यांना कुणीतरी समजावून सांगितलं. काका क्षणभर थांबले. "मग तसं नाव ठेवायचं ना," म्हणाले आणि आत चहा प्यायला गेले. हा पिक्चर बर्लिनच्या महोत्सवात बक्षीस मिळवून आला. तिथल्या परीक्षकांपैकी कुणी कैदी मोजले होते का, हा त्यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

काकांच्या लेखी जुने पिक्चर आणि हल्लीचे पिक्चर अशी दोनच खाती आहेत. 'हल्ली' १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झालं. त्या दिवशी 'शोले' लागला. त्याआधीचं सगळं सोनं, नंतरचं सगळं मारामारी. जुन्यांतही त्यांची वाटणी ठरलेली: पावसात भिजणारी माणसं असतील तर राज कपूर, कुणी एकटाच अंधारात उभा असेल तर गुरुदत्त, आणि उरलेलं सगळं शांतारामबापू. सुरुवातीला तुतारी वाजवणारी बाई दिसली की पिक्चर प्रभातचा, म्हणजे चांगला. तुतारीनंतर पाहायची गरज त्यांना सहसा पडत नाही.

पण काका थापा मारतात असं कुणी समजू नये. त्यांनी जे पाहिलं ते अगदी मन लावून पाहिलं. फक्त जिथून पाहायला हवं तिथून, आणि जेवढं पाहायला हवं तेवढं, पाहायची संधी त्यांना मिळाली नाही.

त्यांचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. गणपतीत मंडळं रस्त्यावर पिक्चर दाखवायची. दोन बांबूंना पांढरं कापड ताणलेलं, मध्ये रस्ता, पलीकडे टेबलावर प्रोजेक्टर. प्रोजेक्टरच्या बाजूची जागा दुपारपासूनच चटया आणि गोणपाटं टाकून अडवलेली असायची. काकांच्या घरात पाच भावंडं आणि चटई एक. तेव्हा काकांच्या वाट्याला कायम पडद्याची मागची बाजू आली. मागूनही पिक्चर दिसतो, चांगला दिसतो, फक्त उलटा दिसतो. त्यामुळे काकांच्या आठवणीतली अख्खी मराठी चित्रसृष्टी डावखुरी आहे. जयश्री गडकर पदर उजव्या खांद्यावर घ्यायची, हे ते शपथेवर सांगतात. तिसऱ्या मजल्यावर एक प्राध्यापक राहतात. फिल्म सोसायटीचे जुने सभासद, चुकीचं काही ऐकलं की त्यांना रात्री झोप लागत नाही. त्यांनी 'सांगत्ये ऐका'मधला एक फोटो शोधून आणला आणि काकांच्या नाकासमोर धरला. पदर डाव्या खांद्यावर. काकांनी चष्मा वर केला, फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, "उलटा छापलाय."

'पिंजरा'चं प्रकरण याहून अवघड आहे. शेजारशेजारच्या दोन मंडळांनी भाड्याने एकच प्रिंट आणली होती. एका मंडळात रीळ संपलं की ते डब्यात घालून एक पोरगा सायकलवरून दुसऱ्या मंडळात पोचवायचा. त्या रात्री पाऊस होता. कुठलं तरी रीळ पुढे गेलं, कुठलं तरी मागे राहिलं. श्रीराम लागूंचा आदर्श मास्तर तमाशातल्या बाईच्या नादाने घसरतो, गाव त्याला मेला समजून त्याचा पुतळा उभारतं आणि शेवटी त्याच्यावर स्वतःच्याच खुनाचा खटला चालतो, अशी मूळ गोष्ट. काकांच्या पिंजऱ्यात आधी पुतळा उभा राहिला आणि मग मास्तर बिघडला.

"फार पुढचा विचार होता बापूंचा," काका आजही सांगतात. "पुतळा झाला की माणूस बिघडतोच. आपले सगळे पुढारी बघा."

यावर प्राध्यापकांनी जर्मन 'ब्ल्यू एंजल'पासून, म्हणजे १९३० सालापासून सुरुवात केली. ते १९७२ला पोचेपर्यंत काका निघून गेले होते. मला विचाराल तर, १९७२ नंतर आपल्याकडे उभे राहिलेले पुतळे पाहता, सायकलवरच्या पोराने केलेलं संकलन अगदीच टाकाऊ नाही.

'मुगल-ए-आझम' काकांनी मराठा मंदिरला पाहिला, वडिलांच्या मांडीवर. वय आठ. अकबर बोलायला लागला आणि काका झोपले. पृथ्वीराज कपूर एवढ्या मोठ्याने बोलत असताना झोपणं सोपं नाही, पण वडील गिरणीत होते, घरात पाळ्या असायच्या, आवाजात झोपायची सवय. जाग आली तेव्हा शीशमहालात मधुबाला नाचत होती आणि सगळा पडदा रंगांनी भरला होता. त्या काळ्या-पांढऱ्या पिक्चरमधली मोजकी रिळं रंगीत होती, त्यातलं नेमकं हे. गाणं संपल्यावर काका पुन्हा झोपले. २००४ साली सबंध पिक्चर रंगवून पुन्हा लावला तेव्हा सगळीकडे कौतुक चाललं होतं आणि काका मात्र वैतागले होते. "मूळचाच रंगीत आहे. मी स्वतः पाहिलाय. परत काय रंगवला यांनी?"

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, डोंबिवलीला बिऱ्हाड झालं आणि शेवटच्या लोकलने काकांच्या रसिकतेचा ताबा घेतला. साडेनऊचा खेळ दादरला बघायचा तर सव्वाबाराची धास्ती अकरा वाजल्यापासूनच पोटात. पडद्यावर नायिका विष प्यायला निघालेली आणि काका खुर्चीखालचा डबा चाचपत उठलेले. असे कितीतरी लोक त्यांनी मरणाच्या दारात सोडले. ते पुढे मेले की वाचले, हे त्यांना माहीत नाही. पण त्यांच्या मते ज्याचा शेवट कुणीही सांगू शकतं त्या पिक्चरला शेवटपर्यंत बसायचं कशाला, आणि ज्याचा सांगता येत नाही तो पिक्चर नीट केलेला नाही.

मग घरात टीव्ही आला. आता लोकल नव्हती, चटई नव्हती, पडद्याला मागची बाजूही नव्हती. शनिवारी मराठी, रविवारी हिंदी. पण मधेच बातम्या लागायच्या, त्या बातम्यांत काकांना पेंग यायची, आणि उरलेलं काम 'व्यत्यय' असं लिहिलेली पाटी करायची. ती पाटी काकांनी एकूण किती वेळ पाहिली असेल याचा हिशेब नाही. त्यांना विचाराल तर ते म्हणतील, दिग्दर्शन संथ होतं.

'कुंकू' त्यांनी याच टीव्हीवर पाहिला. १९३७ साली शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत घेतलंच नाही. दाराचा, पावलांचा, घड्याळाचा, जो आवाज घटनेत असेल तोच. शांता आपटे म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात गप्प उभी आहे आणि मागे व्हायोलिन रडत नाही. ती शांतता ऐकताना अजूनही अंगावर येते. काकांनी पाच मिनिटं वाट पाहिली आणि टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली. म्युझिक आलं नाही. दुसरी मारली. मग गच्चीवर जाऊन अँटेना फिरवला आणि खालून मुलगा ओरडत राहिला, "आलं नाही! अजून नाही आलं!" परत खाली येईपर्यंत केशवराव दाते पश्चात्तापाला लागले होते. तेव्हा "आवाज खराब होता" हे मत वरवर कितीही अडाणी वाटलं, तरी त्यामागे गच्चीपर्यंतचे चार जिने आहेत.

'संत तुकाराम'वर मात्र काका बोलत नाहीत, हात जोडतात. पागनीसांना तर ते तुकोबाच मानतात. देहूला गेले की देवळातल्या मूर्तीत त्यांना पागनीस दिसत नाहीत म्हणून ते जरा खट्टू होतात. त्या पिक्चरमध्ये शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक गाणं आहे. ते तुकोबांचंच आहे यावर काका गाथेची पैज लावायला तयार असतात. इथे त्यांना हसायची सोय नाही, कारण भलेभले त्या गाण्याला अभंग समजून बसले होते. गाथेत ते सापडत नाही असं प्राध्यापकांनी सांगितलं. काका म्हणाले, "इंद्रायणीतून सगळंच वर आलं असेल कशावरून?"

काकूंचं सगळं उलट. त्यांचं माहेर पुण्याचं. 'सांगत्ये ऐका' विजयानंदला १३१ आठवडे चालला, त्यातल्या काही आठवड्यांत काकूंच्या आईने त्यांना कडेवर घेऊन हातभार लावला. पुढे तीनच्या खेळाला शेजारणींबरोबर त्यांनी जे जे पाहिलं ते नावं पडण्यापासून राष्ट्रगीतापर्यंत पाहिलं. पैसे दिलेत तर उठायचं कशाला, हा साधा विचार. कुणी कुणाशी लग्न केलं, कोर्टात कुणाचं पत्र सापडलं, कोण कुणाची हरवलेली बहीण, सगळं त्यांच्या डोक्यात नीट लावून ठेवलेलं आहे. पण काकूंना मत विचारायला कुणी गॅलरीखाली उभं राहत नाही. एकदा मी विचारलं, "काकू, तुम्हाला 'कुंकू' कसा वाटला?" त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तिने नाही म्हटलं ना, ते आवडलं." आणि देठं गोळा करून आत गेल्या. प्राध्यापकांनी या विषयावर अठरा पानांचा लेख लिहिला आहे. तो मी वाचला आहे. त्यात यापेक्षा जास्त काही नाही.

नातू एकवीस वर्षांचा आहे. त्याच्या लेखी 'दुनियादारी' जुना आणि 'अशी ही बनवाबनवी' पुराणातला. तो पिक्चर फोनवर, दीडपट वेगाने, बसमध्ये बघतो. आपल्याला वाटतं की हा आजोबांचा विरोधी पक्ष. तसं काही नाही. 'संत तुकाराम' त्याने दादर ते ठाणे एवढ्या अंतरात संपवला आणि घरी येऊन निकाल दिला: "स्लो आहे, पण १९३६च्या मानाने ग्राफिक्स बरं आहे. तो गरुड."

"ग्राफिक्स?" काका खुर्चीत सरळ झाले. "अरे, ते विमान खरं होतं."

"आजोबा, तारेला बांधलेलं असणार."

"तू तिथे होतास?"

१९३६ साली काकाही तिथे नव्हते, त्यांचे वडीलही नुकतेच मिसरूड फुटण्याच्या वयात असतील. पण जुन्या सिनेमाबद्दल वाद घालताना वयाचा दाखला हा आपल्याकडे पुरावा मानला जातो. नातू गप्प बसला.

काकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय अनपेक्षितपणे प्राध्यापकांच्याच तोंडून झाला. गणपतीच्या व्याख्यानात ते दादासाहेब फाळक्यांवर बोलत होते. ३ मे १९१३, गिरगावचं कॉरोनेशन, 'राजा हरिश्चंद्र', तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके, सगळं रंगवून सांगितलं. आणि ओघात सांगून गेले की आज हा चित्रपट संपूर्ण पाहायला मिळत नाही. पुण्याच्या संग्रहालयात जतन केलेला आहे तोसुद्धा अर्धामुर्धा. बाकीची रिळं काळाने खाल्ली.

पहिल्या रांगेतून काका उभे राहिले. "म्हणजे तुम्हीही पुरता पाहिला नाही?"

"कुणीच पाहिलेला नाही हो. उपलब्धच नाही."

"आणि मत?"

प्राध्यापक पाणी प्यायले. काकांनी मागे वळून सगळ्या सोसायटीकडे एकदा सावकाश पाहिलं आणि बसले. त्या दिवसापासून प्राध्यापक जिन्यात भेटले तर नमस्कार आधी करतात.

राहता राहिला 'सामना'. तो 'शोले'च्या आधीचा, म्हणून काकांनी त्याला जुन्यात घेतलं आहे. निळू फुल्यांचा साखरसम्राट, लागूंचा दारुडा मास्तर, आणि मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत राहणारं ते त्याचं तोंड. काकांनी तो दोनदा पाहिला, एकदा लोकलपर्यंत आणि एकदा बातम्यांपर्यंत. पण तो प्रश्न त्यांनी घरी आणला. गेली कित्येक वर्षं सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत, टाकीच्या दुरुस्तीचे पैसे असोत की गहाळ झालेली पावतीपुस्तकं, ते हात वर करून उठतात आणि सेक्रेटरीला मारुती कांबळेबद्दल विचारतात. आतापर्यंत तीन सेक्रेटरी त्या नावाने घाबरले. त्यातल्या एकाने तर सभासदांच्या यादीत कांबळे शोधले.

परवा नातवाने 'सामना' पाहिला. या वेळी सरळ वेगाने, कारण मधे फोन करून मित्राला सांगावंसं वाटलं म्हणे. रात्री जेवताना तो म्हणाला, "आजोबा, जबरदस्त आहे. शेवटी कळतं ना, मारुती कांबळे..."

काकांनी उष्ट्या हातानेच कान झाकला. "सांगू नकोस! मला अजून बघायचाय."

"अहो, पन्नास वर्षं झाली त्याला," काकू आमटी वाढत म्हणाल्या. "मी तेव्हाच सांगत होते, तर म्हणालात गाडी चुकेल."