चार शंकरपाळे पुढे, तीन लाडू मागे

ग्रीन बे, विस्कॉन्सिन
२६ डिसेंबर २०२४

ती. आबा आणि ती. सौ. आई यांस,


परवा फोनवर यांचा बसलेला आवाज ऐकून आईंनी सुंठ-गुळाचा काढा सांगितला, वाफ घ्यायला सांगितली आणि वर "एवढ्या बर्फात लेकराला कामावर धाडता कशाला" हेही ऐकवलं. आई, कफ नाही, ताप नाही, आणि कामाचाही काही दोष नाही. सोमवारी रात्री अमेरिकन फुटबॉलमध्ये इथल्या पॅकर्स संघाने न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्सना ३४-० असं लोळवलं. समोरच्याला पुरतं शून्यावर ठेवायची यंदाच्या हंगामात अख्ख्या लीगमधली ही पहिलीच वेळ. शेवटची पंधरा मिनिटं तुमचे चिरंजीव सोफ्यावर उभे राहून "झिरो! झिरो!" असे ओरडत होते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात हेच चिन्ह दिसलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला नव्हता, असं आपल्या मोठ्या वन्संकडून कळतं.

आता आबांचा प्रश्न. "हे पोरगं वर्षभर डिफेन्स बदलला, डिफेन्स बदलला म्हणतंय, म्हणजे नेमकं बदललं काय?" यांनी फोनवर सांगायला घेतलं तेव्हा तुमच्या मोबाईलची बॅटरी संपली. (ती खरंच संपली होती ना आबा? मी काही म्हणत नाही.) म्हणून ते काम माझ्याकडे आलंय. तसं यांच्यापेक्षा मला बरं कळतं, पण ते त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.

आधी गाव सांगते, त्याशिवाय वेड कळायचं नाही. ग्रीन बे म्हणजे लाखभर वस्ती, कागदाच्या गिरण्या आणि मिशिगन सरोवराचा एक फाटा. लीगमध्ये ३२ संघ. बाकीचे सगळे न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस असल्या बड्या शहरांचे आणि कुणा ना कुणा धनवंताच्या मालकीचे. हा एकटा लोकांच्या मालकीचा. १९१९ मध्ये मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने कपड्यालत्त्याला ५०० डॉलर दिले, म्हणून नाव पॅकर्स. पुढे पैशांची गरज पडली की लोकांना भाग विकायचे, असं १९२३ पासून सहा वेळा झालं. सहाव्या खेपेला, २०२१ च्या नोव्हेंबरात, ३०० डॉलर मोजून यांनीही एक भाग घेतला. तेव्हाच्या भावाने बावीस हजारांच्या वर. आबा, तुम्ही लगेच विचारलं होतंत, "सभासदाला साखर किती किलो?" साखर नाही. लाभांशही नाही. भाग बाजारात विकता येत नाही, फार तर लेकराच्या नावावर करता येतो. ही गुंतवणूक समजू नका, असं त्यांनी स्वतःच कागदावर छापलंय. तरीही भागधारक पाच लाखांवर आहेत. दर उन्हाळ्यात स्टेडियमवर वार्षिक सभा भरते. लोक रांगेत येतात, अहवाल ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. माईक ओढणं नाही, खुर्च्या उचलणं नाही, "मंजूर, मंजूर" नाही. तुम्हाला अगदीच अळणी वाटेल.

आमचं प्रमाणपत्र चौकट करून देवघराशेजारी लावलंय. उदबत्ती मी देवालाच ओवाळते, धूर तिकडे जातो त्याला माझा इलाज नाही.

तर असे लाखो मालक असले की प्रत्येकाला मत असणारच. गेल्या २० जानेवारीला संघ सॅन फ्रान्सिस्कोकडून २४-२१ असा हरला, हंगाम संपला, आणि चार दिवसांत संरक्षण शिकवणाऱ्या जो बॅरी यांना नारळ मिळाला. (इथे मारणाऱ्यांचा मास्तर वेगळा, अडवणाऱ्यांचा वेगळा, आणि दोघांच्या डोक्यावर मुख्य मास्तर.) त्यांच्या जागी बॉस्टन कॉलेजमधून जेफ हॅफ्ली आले. तिथे ते स्वतः मुख्य होते, ते सोडून इथे हाताखाली आले. आल्या आल्या त्यांनी ३-४ मोडून ४-३ आणलं, आणि गावात न्हाव्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळे गणितज्ञ झाले.

गंमत अशी की २००९ मध्ये याच संघाने ४-३ टाकून ३-४ धरलं होतं. तेव्हाचे मास्तर डॉम केपर्स. दुसऱ्याच हंगामात संघ अजिंक्य ठरला, त्यामुळे ३-४ म्हणजे ब्रह्मवाक्य झालं. पंधरा वर्षांत ते जुनाट ठरलं आणि त्याच्याही आधीचं जुनाट आता नवीन म्हणून आलंय. आपल्या लग्नातल्या नऊवारीचंही तसंच झालं म्हणा.

मला हे समजलं ते शेजारच्या आजींमुळे. वय ऐंशीच्या वर. ३१ डिसेंबर १९६७ चा उणे २५ अंशांतला सामना आपण मैदानात बसून पाहिला, असं त्या सांगतात. गावात त्या वयाचा जो भेटतो तो त्या सामन्याला हजर होता. स्टेडियम तेवढं मोठं नव्हतं, पण वाद कोण घालणार? दिवाळीत फराळाला बोलावलं तर त्यांनी ताट बाजूला सारून आईंनी पाठवलेला डबाच टेबलावर उपडा केला. मधोमध एक चिरोटा ठेवला, तो चेंडू. त्याच्यासमोर चार शंकरपाळे ओळीत, त्यांच्यामागे तीन बेसनाचे लाडू, आणि लांब चार चकल्या. झाले अकरा. समोरच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं असतं, सरकले की पुन्हा चार प्रयत्न. या अकरांनी त्यांना सरकू द्यायचं नाही. एवढाच खेळ, बाकी सगळ्या जाहिराती.

शंकरपाळे म्हणजे जमिनीला हात टेकून वाकलेले दांडगे गडी. लाडू म्हणजे त्यांच्या मागे दोन पायांवर उभे. जुन्या पद्धतीत शंकरपाळे तीन आणि लाडू चार. आता एक लाडू काढून त्याचा शंकरपाळा केला. "एवढ्यासाठी वर्षभर भांडताय?" असं मी विचारलं. आजींनी मान हलवली, एक लाडू उचलून बाजूला ठेवला आणि तिथे पाचवी चकली मांडली. बहुतेक वेळा मैदानात हेच असतं म्हणाल्या, कारण हल्ली सगळे चेंडू फेकतात आणि मागे पळणारी माणसं जास्त लागतात. म्हणजे ज्या ४-३ वरून गाव पेटलंय ते निम्म्या वेळाही दिसत नाही! तेवढ्यात आपल्या लेकराने उरलेल्यातला एक लाडू खाल्ला आणि सगळी फळी उघडी पडली. आजी म्हणाल्या, गेल्या वर्षी अगदी असंच व्हायचं.

खरा बदल आकड्यात नाहीच आबा, हुकमात आहे. तुम्हाला एका वाक्यात कळेल. पूर्वी गोळेगावच्या शिवारात मक्याची राखण करताना तुम्ही माळ्यावर बसून बॅटरी फिरवायचात, डुकरं कुठून शिरली ते आधी बघायचं आणि मग खाली उतरायचं, तोवर चार ओळी आडव्या झालेल्या. नंतर तुम्ही रात्र पडली की सरळ नाल्याच्या तोंडाशीच शेकोटी करून बसायला लागलात. हॅफ्लींनी तेच केलं. बॅरींच्या वेळी पुढच्या गड्याने समोरच्याला थोपवून धरायचं, चेंडू कुणाकडे गेला ते बघायचं, मग हालचाल करायची, आणि मागे दोघे लांबवर पहारा देणार. थोडं थोडं जाऊ द्या, मोठं जाऊ देऊ नका, असा हिशेब. आता पुढचा गडी आपल्या फटीतून पहिल्याच क्षणी आत घुसतो. मागे लांब बहुधा एकच जण थांबतो, आणि त्याने समोरच्या माणसाकडे न बघता चेंडू फेकणाऱ्याच्या डोळ्यांवर नजर ठेवायची.

अर्थात नाल्यावर बसलं की मागचा बांध मोकळा राहतो. पहिलाच सामना ६ सप्टेंबरला ब्राझीलमध्ये साओ पाउलोला ठेवलेला, फिलाडेल्फियाशी. ३४-२९ ने हरलो. सेक्वॉन बार्कली नावाचा त्यांचा गडी तीनदा आरपार गेला. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी, आणि आम्ही शिकागोला यांच्या मित्राकडे गणपतीला निघालेलो. सिल्लोडहून पुणं जितकं लांब तितकाच रस्ता, यांनी तो सगळा तोंड मिटून कापला. शिकागोचा संघ आमचा शंभर वर्षांचा वैरी, आणि तिथली मराठी मंडळी बाप्पाखालोखाल त्यालाच मानतात. आरती संपते न संपते तोच मोदकाचं ताट पुढे करून एक काका म्हणाले, "घ्या चौतीस, आमच्याकडे एकोणतीसच उरलेत." यांनी मोदक खाल्ला नाही. तुमच्या मुलाने मोदक नाकारला, यावरून काय ते समजा.

(त्याची फेड १७ नोव्हेंबरला झाली. शिकागोतच, शेवटच्या क्षणी त्यांची किक आमच्या गड्याने हाताने अडवली आणि आम्ही २०-१९ ने जिंकलो. यांनी त्या काकांना फोन करून फक्त मोदकांचा भाव विचारला.)

मधल्या काळात खरी कमाल केली ती झेवियर मॅकिनीने. न्यूयॉर्कहून यंदाच आणलेला, मागे लांब उभा राहणारा चकलीवाला. पहिल्या पाचही सामन्यांत त्याने समोरच्याचा फेकलेला चेंडू हवेतच पळवला. गेल्या अख्ख्या हंगामात संघाने १८ वेळा चेंडू हिसकावला होता, यंदा निम्मा हंगाम व्हायच्या आत तेवढे झाले. हे म्हणतात, पद्धतीचा प्रताप. माझं म्हणणं, असा गडी कोणत्याही पद्धतीत चोरीच करणार. आमच्यात यावर एक जेवण अबोल्यात गेलंय.

बरं, पद्धत मैदानावर राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. ती घरात शिरली. पूर्वी बर्फ पडायला लागला की हे खिडकीत चहा घेऊन उभे राहायचे, बर्फ थांबला की एकदाच फावडं घेऊन दारापुढचा रस्ता मोकळा करायचे. आता म्हणतात, वाट बघायची नाही, आधीच गाठायचं! बर्फ पडत असतानाच बाहेर जातात. या टोकाहून त्या टोकाला पोचेपर्यंत मागचं पुन्हा पांढरं होतं. मग परत पहिल्यापासून. आजी खिडकीतून बघतात आणि तिकडूनच दोन बोटं दाखवतात, म्हणजे दुसरी फेरी. रात्री कमरेला बाम चोळायला मी. म्हणून आई, बाम तेवढा पाठवा, तो मात्र खरोखर लागतोय.

या सगळ्यात मला एकाच माणसाचं वाईट वाटलं. प्रेस्टन स्मिथ. २०१९ पासून इथे होता, दहा वर्षांचा मुरलेला खेळाडू, वय तिशीच्या पुढे. इतकी वर्षं कडेला दोन पायांवर उभा राहून खेळला, समोरचं सगळं बघत. नव्या पद्धतीत त्याला सांगितलं, वाक आणि हात जमिनीला टेक. लाडवाचा शंकरपाळा. प्रयत्न केला त्याने, पण अंगात मुरलेली गोष्ट अशी एका उन्हाळ्यात निघते होय? दिवाळीनंतर चारच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं. बदल्यात काय, तर पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सातव्या फेरीतला एक हक्क, म्हणजे सगळ्यात शेवटची फेरी. पिट्सबर्गवाले अजून ३-४ खेळतात, तेव्हा तिथे त्याला पुन्हा उभं राहायला मिळालं. मी ही बातमी सांगितली तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "बरं झालं बाई, बालाजीच्या गावी गेला." पिट्सबर्गचं देऊळ त्यांना आठवलं. हे खो खो हसले, पण मला आईंचंच म्हणणं पटलं. गावात त्याच्याविषयी दुसऱ्या दिवशी कुणी बोललं नाही. सगळे मॅकिनीचे आकडे मोजत होते.

आणि सोमवारच्या शून्याचंही खरं सांगून टाकते. सेंट्सचा मुख्य फेकणारा दुखापतीने बाहेर, मुख्य पळणारा बाहेर, चांगला झेलणाराही बाहेर. पण हे यांच्यापुढे बोलायची सोय नाही. बोलले तर म्हणतात, "भागधारक कोण आहे, तू की मी?"

बाकी इकडे ठीक. लेकराला शाळेची सुट्टी आहे. चॉकलेटी डागांचं एक प्रमाणपत्र त्याने स्वतः काढून मला दिलंय, त्यात मी स्वयंपाकघराची भागधारक आहे. लाभांश यातही नाही. तुमच्याकडे थंडी पडली का? हरभरा घाट्यांवर आला असेल. मिरचीचं तिखट संपत आलंय, कुणी येणार असेल तर किलोभर द्या, आजींनाही त्यातलं हवंय. त्या ते चीजवर घालून खातात, आणि मग डोळ्यांतून पाणी काढत संघाच्या पुढच्या फळीला नावं ठेवतात.

रविवारी मिनेसोटाशी सामना आहे. तुमच्याकडे तेव्हा सोमवारची पहाट, तीन वाजायचा सुमार. आबा, रात्रपाळीची लाईट असली तर तुम्ही पाणी द्यायला शेतात जागेच असाल, मोबाईल चार्ज करून खिशात असू द्या. जिंकलो तर सकाळी हे फोन करतील. हरलो तर मी करीन आणि हे झोपलेत असं सांगीन, ते तुम्ही खरं धरून चाला.

घरातल्या सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची धाकटी सून