तिकीट आपलं, पेडलही आपलंच

जुन्या काळची जत्रा बघायला पुण्याहून पॅरिसला कशाला जायचं, हा आजीचा प्रश्न विमानाची तिकिटं निघायच्या आधीपासूनचा होता. तिच्या माहेरच्या गावी चार पाळण्यांचा लाकडी रहाट अजून हातानं फिरवतात आणि त्यासाठी पासपोर्ट लागत नाही. पण सहलीची आखणी बाबांकडे होती. आयफेल टॉवर आणि लूव्र यांच्या मधल्या रकान्यात त्यांनी ‘मुलांसाठी’ असं लिहून ‘म्यूझे देझार फोराँ’ हे जत्रेचं संग्रहालय घुसवलं होतं. बाबा एखाद्या गोष्टीपुढे ‘मुलांसाठी’ लिहितात तेव्हा ती नेमकी कोणासाठी असते, हे आईला ठाऊक होतं. ती काही बोलली नाही.

हे संग्रहालय बेर्सी भागातल्या वाइनच्या जुन्या वखारींमध्ये आहे. 1860 पर्यंत बेर्सी पॅरिसच्या हद्दीबाहेर होतं. शहरात माल आणला की जकात, म्हणून व्यापारी पिंपं वेशीबाहेर ठेवत. बाबांना फ्रेंच संस्कृतीतली ही पहिली गोष्ट मनापासून पटली. पुढे या वखारींत जाँ-पॉल फावाँ या नटानं, जो जुन्या वस्तूंचा व्यापारीही होता, 1996 साली आपला संग्रह आणून मांडला. साधारण 1850 ते 1950 या काळातल्या जत्रांमधले लाकडी घोडे, वाद्यं, खेळ आणि चक्रपाळणे, त्यातले बरेच चालू स्थितीत.

तिथं जायला मेट्रोची 14 नंबरची लाइन. 1998 साली सुरू झालेल्या या गाडीला चालकच नाही. थोरला पहिल्या डब्यात पुढच्या काचेला नाक लावून उभा राहिला आणि त्यानं विचारलं, “मग चालवतंय कोण?” बाबांनी संगणक, सेन्सर, नियंत्रण कक्ष असं बरंच काही सांगितलं. स्टेशन आलं, उत्तर संपलं नाही.

संग्रहालयात हा प्रश्न पुन्हा आला आणि या वेळी उत्तर फार सोपं निघालं. तिथला सर्वांत नावाजलेला चक्रपाळणा 1897 सालचा, घोड्यांऐवजी सायकलींचा. सायकल तेव्हा अप्रूपाची आणि महागाची वस्तू. जत्रेत चार पैसे देऊन तिची हौस भागवता येई. सगळ्या सायकली एकाच गोल सांगाड्याला जोडलेल्या. इंजिन नाही, मोटर नाही. बसणाऱ्यांनी पेडल मारायचं, तेवढंच चक्र फिरणार. जिकडे यायची गाडी चालकाशिवाय, तिकडचा पाळणा मात्र माणसांच्या पोटऱ्यांवर.

“म्हणजे पैसे देऊन आपणच ओढायचं?” आजीनं खात्री करून घेतली. गावाकडे पैसे देणारा वर बसतो आणि घेणारा रहाट फिरवतो, ही व्यवस्था तिला जास्त न्याय्य वाटत होती. ती धाकटीला घेऊन कडेला थांबली. “मी खालूनच फोटो काढते,” असं म्हणून आईही सुटली.

या यंत्राचा वेग ताशी 60 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, असं सांगतात. मात्र त्यासाठी सगळ्यांनी पेडल मारावं लागतं, आणि इथंच मनुष्यस्वभाव आडवा येतो. चक्र एक, मेहनत सामायिक. कोण जोर लावतंय आणि कोण नुसतं हँडल धरून बसलंय, हे कोणालाच कळत नाही. बाबांनी सोसायटीचं सचिवपद तीनदा भूषवलेलं असल्यानं त्यांना परिस्थितीचा अंदाज लगेच आला. पुढचे काका हात हलवत होते, मागच्या काकू गात होत्या आणि थोरला “बाबा, अजून जोरात!” एवढंच योगदान देत होता. वुडी ॲलनच्या ‘मिडनाइट इन पॅरिस’मध्ये हाच पाळणा किती काव्यमय दिसतो! सिनेमात घाम दिसत नाही.

उतरल्यावर बाबा एका खांबाला टेकले आणि तो खांब कोणत्या काळातला असावा, यावर बराच वेळ विचार करत राहिले.

पुढे वेटरांच्या शर्यतीचा खेळ होता. आपण चेंडू घरंगळवून भोकात टाकायचा, की समोर तबक घेतलेला आपला लाकडी वेटर पुढे सरकतो. गाइडचं बोलणं बहुतेक फ्रेंचमध्ये, त्यामुळे नियम कळायच्या आधीच आजीचा वेटर पोचला होता. सागरगोट्यांचा हात तो.

दुसऱ्या दिवशी लक्झेंबर्ग बागेत 1879 सालचा कॅरोसेल. पॅरिसचा ऑपेरा बांधणाऱ्या शार्ल गार्निए यांची ही रचना मानतात. इथं घोड्यावरच्या मुलांना काठी देतात आणि फिरता फिरता कडेच्या लोखंडी कड्या तिच्यात अडकवायच्या असतात. हा सरदारांच्या घोड्यावरून भाल्याच्या सरावाचा अवशेष. 1662 साली चौदाव्या लुईनं युवराजाच्या जन्माप्रीत्यर्थ असल्या खेळांचा थाटामाटाचा सोहळा भरवला होता. धाकटीनं कड्या सोडल्या आणि काठी मात्र परत द्यायला नकार दिला.

तिची समजूत साखरेच्या कापसानं घालावी लागली. आई दंतवैद्य, म्हणून तिचा तात्त्विक विरोध. तेव्हा बाबांनी सूड उगवला. हा कापूस काढणारं यंत्र त्याच 1897 साली अमेरिकेत विल्यम मॉरिसन यानं जॉन व्हॉर्टनसोबत बनवलं, आणि हा मॉरिसन दंतवैद्य होता. 1904 च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात या जोडीनं 68 हजारांवर डबे विकले. आईनं आपल्या व्यवसायबंधूच्या दूरदृष्टीला दाद देत अर्धा कापूस स्वतःच संपवला.

कोणाला जायचंच असेल तर लक्षात ठेवा: बेर्सीचं संग्रहालय एरवी आधी नोंदणी करून आणि गाइडबरोबरच बघता येतं, दीड तास लागतो. पायात चपला नकोत, बूट घाला. आणि “मी खालूनच फोटो काढते” असं जो कोणी म्हणेल, त्याला सर्वांत आधी सायकलवर बसवा.