आडवी वीट आणि वर एक बोट

भंडाऱ्यात त्रिमूर्ती चौकाच्या आसपास एमएच-36 ची एखादी जुनी पांढरी हॅचबॅक उभी दिसते, पोट रस्त्याला टेकायच्या बेतात आलेली. तिचा मालक शोधायला लांब जावं लागत नाही. तो तिच्याच बाजूला एक गाल डांबराला लावून खाली बघत असतो. नाव काहीही असो, सगळे त्याला भाऊ म्हणतात.

भाऊने गाडी 'डाऊन' केली आहे. म्हणजे चांगल्या स्प्रिंगांचे वेढे कापून, कंपनीने दिलेली उंची कारागिराला पैसे देऊन काढून टाकली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्याला कोणीतरी ऐकवलं, तेव्हा तो म्हणाला, "ते मोठ्या बदलासाठी हाय जी, आपलं तं थोडंसंच हाय." आता कडेच्या पट्टीखाली आडवी वीट जाते आणि वर एक बोट उरतं. हे माप त्याने खरोखर विटेनेच घेतलं आहे. ती वीट डिकीत असते.

गतिरोधक हा त्याचा जन्मशत्रू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात गोल गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, म्हणजे गाडी हळूच चढून हळूच उतरते. गावकरी स्वतःच्या हिमतीवर जो घालतात त्याला उंची असते, रुंदी नसते. तिथे भाऊ थांबतो, सगळ्यांना उतरवतो, गाडी तिरपी घालून पार करतो आणि मंडळी मागून चालत येऊन पुन्हा बसतात. पवनीला लग्नाला निघालेली वऱ्हाडी मंडळी त्याच्या गाडीतून बरंच अंतर पायीच गेलेली असतात.

पण त्याचं खरं दुखणं जॅकचं. गाडीबरोबर आलेला कैचीचा जॅक मिटवला तरी पट्टीखाली सरकता सरकत नाही. दुकानातला साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली बसवला तरी 13 सेंटीमीटरच्या आसपास उंच. म्हणून पाहिजे लो-प्रोफाइल, ज्याची वाटी 8-9 सेंटीमीटरवर बसते. तोही स्वस्तातला. पैसे मोजून गाडी खाली आणली आणि आता तिला वर न्यायला स्वस्त साधन शोधतोय, यात काही गंमत आहे असं त्याच्या डोक्यात कधी आलेलं नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर चर्चासत्र भरतं. वरठीच्या पोलाद कारखान्यात जाणारा मित्र म्हणतो, 3 टनाचाच घे. भाऊ त्याला समजावतो, आणि इथे तो खरोखर शहाणा असतो: गाडीचं सगळं वजन टनभर, आपण एका वेळी एकच कोपरा उचलतो, 2 टन पुष्कळ झाले. 3 टनाचं धूड डिकीत ठेवलं की गाडी मागून आणखी बसेल. अॅल्युमिनियमचा हलका, पण खिशाला जड. तेल गळतं का, हे दुकानात वजन उचलून थोडा वेळ तसंच ठेवून बघायचं. हँडल मारायला बंपरखाली जागा राहते का, तेही बघायचं. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी लावल्याशिवाय शिरायचं नाही. हे सगळं तो एखाद्या विद्यार्थ्याने पास्कलचा नियम म्हणावा तसं धडाधड म्हणतो.

कोपऱ्यातले पानवाले काका तेवढ्यात विचारतात, "काहून गा, चाक फरीवर चढव ना. गाडी आपोआप वर येते, मंग साधा जॅक बी जाते."

टपरी गप्प होते. उपाय बरोबर आहे, फुकट आहे आणि म्हणूनच तो भाऊला मान्य होणं शक्य नाही.

"फरी प्रोफेशनल नाही वाटत जी," तो म्हणतो.

"अन् पंक्चर झाल्यावर? तेव्हा तं गाडी आनखी खाली बसन."

"तेव्हाचं तेव्हा पाहू जी."

शेवटी नागपूरहून 85 मिलिमीटरचा जॅक येतो, ठरवलेल्या बजेटच्या दीडपट भावात. पहिला प्रयोग घरच्या अंगणात. ट्रॉली जॅक वर चढताना त्याची वाटी कमानीत सरकते, म्हणून चाकांनीही सरकावं लागतं. शेणाने सारवलेल्या अंगणात चाकं रुतली, जॅक जागीच बसला आणि गाडीऐवजी सारवण उचललं गेलं. आईने काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही. मग दिवाळीत त्याच जॅकने गोदरेजचं कपाट उचललं, शेजाऱ्याची धानाची कोठी सरकवली आणि एकदा रुतलेली बंडी काढली. गावभर जॅकचं नाव झालं. गाडी मात्र त्याने अजून उचललीच नव्हती.

तो योग पावसाळ्यात आला. अड्याळच्या अलीकडे मागचं चाक बसलं, रिम खाली टेकली, आणि बोट सोडा, वीटही आत जाईना. भाऊ जॅक हातात घेऊन रस्त्यावर पालथा. बांधीत रोवणी चाललेली. चिखलाच्या पायांनी चार बाया वर आल्या, कोपरा धरला आणि उचलला. पाचवीने पायानेच जॅक आत ढकलला.

"एवढं लोखंड घेऊन फिरतेस," एक म्हणाली, "अन् गाडी आमीच उचलाची?"

भाऊने हात जोडले. चाक बदललं, घाम पुसला आणि शेजारी बसलेल्या मित्राला अगदी गंभीरपणे सांगितलं, "85 चा चुकला गा. 75 चाच पाहिजे होता."