मुक्काम पोस्ट ऊस

रा. रा. बिबटेराव यांस,
मुक्काम पोस्ट ऊस, आंबेगाव-जुन्नर.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. गेली पंचवीसएक वर्षे आपण आमच्या उसात राहता, खंड देत नाही, कुत्री नेता, कालवडी नेता. त्याबद्दल आमचे जे काही म्हणणे आहे ते वनखात्याच्या पंचनाम्यांच्या गठ्ठ्यात आहेच. हे पत्र विजेबद्दल आहे. महाराष्ट्राच्या ऊर्जा धोरणाला आपण जो हातभार लावला, त्याची नोंद कुठल्याही सरकारी कागदात नाही. हा आपल्यावर अन्याय आहे.

शेतीला दिवसा वीज द्या, ही आमची मागणी आपल्या आगमनाच्याही आधीची. मोर्चे झाले, सबस्टेशनला टाळी ठोकून झाली, निवेदनांच्या झेरॉक्सवर झेरॉक्सवाल्यांचे संसार झाले. आंबेगाव तालुक्याने मध्यंतरी राज्याला ऊर्जामंत्रीही दिला. थ्री फेज मात्र पाळीनेच येत राहिली: दिवसाची पाळी असेल तर आठ तास, रात्रीची असेल तर दहा. वरचे दोन तास बहुधा जागरणाचा भत्ता. रात्री पाणी भरताना माणसे सापाने गेली, शॉकने गेली, विहिरीत पाय घसरून गेली. पण साप कॅमेऱ्यात येत नाही आणि शॉक तर दिसतच नाही. आपण दिसता. आपला एक फोटो पेपरात आला आणि जे आम्हाला तीस वर्षे सांगता आले नाही ते मंत्रालयाला एका दिवसात समजले.

रात्रीची पाळी आपण उसाच्या कडेने पाहिलेली आहे. माणसाच्या बाजूने कशी असते ते सांगतो. दहाला लाइट येणार म्हणून साडेनऊला दोघे निघायचे. एकट्याने जायचे दिवस संपले. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात काठी, आणि बंडीच्या खिशात मोबाइलवर हरिपाठ, आवाज पूर्ण सोडलेला. देवाने ऐकावा म्हणून नव्हे, आपण ऐकावा म्हणून. विहिरीवर पेटीचे दार उघडायचे, आत पाल बसली आहे का बघायचे, तिन्ही दिवे लागलेत का बघायचे. हिरवे बटण दाबले की मोटर घुमते, आणि व्होल्टेज पडलेले असले तर नुसतीच घुमत राहते, पाणी उचलत नाही. बंद करा. थांबा. परत दाबा. पाणी पाटाला लागले की खरे काम सुरू होते. एका सरीचे तोंड फोडायचे, दुसरीचे मातीने बांधायचे, तेही खाली वाकून.

हे वाकणे महत्त्वाचे आहे, बिबटेराव. उभा माणूस आपल्याला माणूस दिसतो, वाकलेला माणूस आपल्याला जनावर वाटतो, असे वनखात्याच्या माणसाने आम्हाला चावडीवर समजावून सांगितले. म्हणजे उसाला पाणी द्यायचे तर वाकावे लागते, आणि जगायचे तर वाकायचे नाही. सकाळी बघावे तर त्याच ओल्या पाटात आमच्या गमबुटाच्या ठशावर आपल्या पंजाचा ठसा, स्वच्छ, चार बोटे आणि मागची गादी. आम्ही पुढे होतो आणि आपण मागे. आपण काही केले नाहीत, याबद्दलही आभार.

आता आम्हालाच रात्रीची वीज का, याचे उत्तर. वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. दिवसा कारखाने, कचेऱ्या, दुकाने ती ओढून घेणार. कोळशाची केंद्रे रात्रीही धगधगत ठेवावी लागतात, कारण ती रोज विझवून पेटवणे परवडत नाही. मग त्या रात्रीच्या विजेला गिऱ्हाईक कोण? जो बिलावर भांडतो पण वेळेवर भांडू शकत नाही तो. हा हिशेब वर्षानुवर्षे चालला आणि गेल्या काही वर्षांत तोच उलटा झाला. शेतीपंपाला वीज पुरवायचा खर्च युनिटला आठ रुपयांच्या घरात, आणि सौर प्रकल्पातली वीज तीन रुपयांच्या आसपास. दुपारी उन्हाची वीज इतकी, की वीज नियामक आयोगाने २०२५ मध्ये उद्योगांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत सवलत दिली आणि संध्याकाळनंतर जादा आकार लावला. दुपारच्या विजेला गिऱ्हाईक हवे झाले, तेव्हा आमची आठवण झाली. म्हणजे दिवसाची वीज येऊ लागली ती आमच्या मोर्च्यांमुळे नाही, आणि आपले मन दुखवण्याचा हेतू नाही, पण आपल्यामुळेही नाही. ती दुपारी स्वस्त झाली म्हणून येऊ लागली. पत्र आभाराचे असल्यामुळे एवढे वाक्य वाचले नाहीत असे समजावे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, आणि तिचा मुहूर्त शेजारच्या राळेगणसिद्धीत झाला. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली, आणि तिचे उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॅटवर गेले. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, ही योजना मला पटते. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज त्याच भागातल्या शेतीच्या फीडरला द्यायची. शेतकऱ्याने काही विकत घ्यायचे नाही, मोटर तीच, स्टार्टर तोच, विहीर तीच. खासगी जमीन दिली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला आणि दरसाल तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षे.

फक्त जागा कुठली, तिथे गाडी अडते. नारायणगाव-मंचर पट्ट्यात कालव्याखालची जमीन पॅनलला देणारा शहाणा माणूस अजून भेटायचा आहे. मग डोळा जातो गायरानावर. सातबाऱ्यावर ते पडीक. प्रत्यक्षात धनगराच्या मेंढ्या, ज्याला एक गुंठाही नाही त्याच्या चार शेळ्या आणि गावाची मोकाट गुरे तिथेच पोट भरतात. हे आपल्याला मी सांगायला नको, आपण तिथे नेहमी जाता. आता तिथे तारेचे कुंपण येणार. आणि डिसेंबर २०२५ मध्ये वनमंत्री गणेश नाईक यांनी काय सांगितले? माणसे गेल्यावर भरपाईचे कोटभर रुपये वाटण्यापेक्षा कोटभर रुपयांच्या शेळ्या जंगलात सोडा. म्हणजे शेळीचे गायरान पॅनलखाली आणि शेळी सरकारी खर्चाने जंगलात! ऊर्जा खाते आणि वनखाते यांच्यात समन्वय नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये. शेळ्यांच्या मागे आपण जंगलात परत जाल, हीही कल्पना गोडच आहे. आपला जन्म उसातला, मातोश्रींचा जन्म उसातला. भीमाशंकरचे रान आपल्याला परदेश.

दुसरी योजना मागेल त्याला सौर कृषी पंप. नाव ऐकून वाटते की जो मागेल त्याला मिळेल. मिळतो, त्यात खोटे नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तर महिन्याभरात ४५ हजार ९११ पंप बसवल्याचा गिनीज विक्रमही राज्याच्या नावावर लागला. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. पण ज्याने तारेची जोडणी मागितली त्याच्याही पदरात पंपच, ही मेख आहे. आमची विहीर सामाईक, चार भावांची. चौघांच्या पाळ्या आजोबांनी लावून दिल्या, त्यावर दोनदा भांडणे होऊन तिसऱ्यांदा त्याच कायम झाल्या. तारेवरची वीज आली की ती पाळीने वाटता येते. उन्हाचा पंप एकाच्या नावावर, आणि ऊन धड सहा तासांचे. ते चौघांत वाटायचे कसे? आण्याच्या पठारावर तर बोअरचे पाणी इतके खोल, की पंप ऊन खातो आणि वर हवा सोडतो. माझ्या चुलतभावाची पॅनले वळवाच्या वाऱ्यात उताणी पडली, तेव्हा बसवून देणाऱ्यांचा फोन तीन आठवडे लागला नाही. पॅनलच्या सावलीत दुपारची झोप छान लागते असे आपल्याबद्दल ऐकतो. निदान कोणाला तरी उपयोग झाला.

मला विचाराल तर फीडरला सौर वीज हे खरे आणि पंपाला सौर पॅनल हे नाइलाजाचे. जिथे तार पोचणारच नाही त्या वरच्या आदिवासी पाड्यांवर पंप जरूर द्यावा. जिथे खांब शेजारच्या बांधावर उभा आहे तिथे तो देणे म्हणजे शेतकऱ्याला हळूच तारेवरून उतरवणे. पुढे पॅनलला तडा गेला की तो त्याचा आणि त्याच्या नशिबाचा प्रश्न.

अक्षय ऊर्जेत आपले घरही मोडते, हे आपल्या ध्यानात आले आहे का? ज्या उसात आपण राहता त्याच्या चिपाडावर विघ्नहर आणि भीमाशंकर, दोन्ही साखर कारखाने वीज करतात. इथेनॉलचेही तसेच. सरकारातले लोक आधी प्रकल्प लावा म्हणाले, ७ डिसेंबर २०२३ ला रसापासून करू नका म्हणाले, आठवड्याभरात मर्यादेत करा म्हणाले. या धरसोडीत ऊस काही कमी झाला नाही, त्यामुळे आपल्याला निवाऱ्याची चिंता नाही. तोडणीला टोळी आली की उसात आपली पिल्ले सापडतात. मग मजूर कोयते टाकून बांधावर बसतात आणि वनखात्याची माणसे पिल्ले क्रेटमध्ये ठेवून रात्री आपल्या मंडळींची वाट पाहतात. एवढी काळजी आमच्या टोळीतल्या पोरांची कोणी घेतलेली मी पाहिली नाही.

आपले जे नातेवाईक पकडले जातात ते माणिकडोहच्या निवारा केंद्रात असतात. तिथल्याच माणिकडोह धरणाच्या पायथ्याला ६ मेगावॅटचे वीजघर आहे, डिंभे धरणाला ५ मेगावॅटचे. माळशेज घाटातला ७०० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प, म्हणजे स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि वीज महाग असताना खाली सोडायचे, कित्येक वर्षे कागदावर झुलतो आहे. आणि खेड-मावळच्या माथ्यावर पवनचक्क्यांसाठी डोंगर कसा फोडला, ते माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये लिहून ठेवले आहे. वारा स्वच्छ होता, रस्ते करणारे नव्हते.

इथे जरा थांबतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यात दोन लेकरे होती. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक रस्ता अडवला. पिंपरखेडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला गेल्या. असा पट्टा आजवर मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यात पाहिला होता. यावर थट्टा करता येत नाही, करणारही नाही. त्यातले हल्ले रात्रीच्या अंधारात झाले नव्हते, आणि लगेच काही शहाणे म्हणाले, मग दिवसा वीज मागता कशाला? कारण दिवसा हाकेला माणूस असतो, रस्त्याला गाडी असते, दवाखाना उघडा असतो. जुन्नर वन विभागातली २३३ गावे बिबट आपत्तीप्रवण ठरवली गेली. त्या २३३ गावांच्या शेतीच्या फीडरवरून रात्रीची पाळी आधी उठवावी, बाकी राज्याचे उद्दिष्ट मग गाठावे. एवढे एक वाक्य कुठल्यातरी आदेशात यायला मेगावॅट लागत नाहीत.

आपला शब्द वर चालतो म्हणून ही विनंती आपल्यामार्फत करतो आहे. जमल्यास पाठपुरावा करावा. वाघबारशीला आमच्या वरच्या अंगाची माणसे वाघोबाला नैवेद्य ठेवतात, त्याचा मान राखावा.

कळावे, लोभ आहे तेवढा पुरे.

आपला,
घोड नदीकाठचा एक ऊसवाला

ता. क. या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची पाळी आहे, दहा ते सकाळी आठ. गुरुवारी आमची बारी. आम्ही दोघे असू, हरिपाठ लावलेला असेल.