आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

रात्री पाऊस पडून गेला की शनिवारी सकाळी ह्यूस्टनच्या कुठल्याही उपनगरात चक्कर मारा. शुगरलँड घ्या, केटी घ्या. लॉनवर भुसभुशीत मातीचे ढिगारे वर आलेले असतात आणि कुणी ना कुणी त्यावर पावडरचा डबा उपडा करत असतो. पुढच्या पावसानंतर तोच माणूस, तोच डबा, ढिगारा फक्त चार हात पलीकडे सरकलेला. या प्रकाराचा मला मनापासून संताप येतो. पैसा जातो, विष पावसाच्या पाण्याबरोबर गटारातून बायूत, म्हणजे इथल्या संथ ओढ्यात जातं, आणि फायर अँट मुंग्या जिथल्या तिथे.

ढिगारा म्हणजे घर नव्हे, घराचं छप्पर. इथली चिकणमाती पाण्याने भरली की मुंग्या अंडी-अळ्या घेऊन वर चढतात आणि माती उपसतात. ऊन वाढलं की पुन्हा खाली. वरून टाकलेली पावडर छपरापुरतीच पोचते. गडबड कळताच कामकरी मुंग्या राणीला घेऊन दुसरीकडे मुक्काम हलवतात. टेक्सासमध्ये तर एकाच वसाहतीत अनेक राण्या असलेल्या जागा पुष्कळ आहेत. एक मेली तर बाकीच्या अंडी घालतच राहतात.

मग राणीपर्यंत पोचायचं कसं? त्यांच्याच खाण्यातून. मोठ्या मुंगीला घास गिळता येत नाही, ती फक्त पातळ पदार्थ घेऊ शकते. म्हणून सापडलेला कण ती घरी नेते आणि शेवटच्या टप्प्यातल्या अळीच्या तोंडाशी ठेवते. अळी तो विरघळवते, आणि तो रस तोंडातोंडी फिरत राणीपर्यंत जातो. आमिषाची सगळी युक्ती या साखळीवर उभी आहे: मक्याचा भरडा, त्यात मुरवलेलं सोयाबीनचं तेल, तेलात अगदी थोडं औषध. ते मुद्दाम संथ ठेवलेलं असतं, कारण वाटेतच कामकरी मेली तर राणीला घास भरवणार कोण? नुसता मक्याचा भरडा खाऊन मुंगी फुगते आणि फुटते, ही इथली आवडती समजूतही मोठ्या मुंगीला घास गिळता येत नसल्यानेच खोटी आहे.

घाईची किंमत या देशाने एकदा मोजलेली आहे. दक्षिण अमेरिकेतून जहाजांबरोबर ही लाल मुंगी १९३०च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरात उतरली. १९४२ साली तिथे ती हेरणारा ई. ओ. विल्सन तेव्हा तेरा वर्षांचा पोरगा होता. पुढे तो जगातला नामांकित मुंगीतज्ज्ञ झाला. १९५७ साली सरकारने तिच्या समूळ नाशाचा विडा उचलला आणि लाखो एकरांवर विमानांतून हेप्टाक्लोर आणि डिल्ड्रिन टाकलं. पक्षी मेले, मासे मेले, गुरं दगावली. रेचल कार्सनने १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये त्यावर कडाडून टीका केली. मुंगी मात्र पसरतच गेली. सरसकट विषाने इथल्या मूळच्या मुंग्याही मरतात, आणि नव्याने उतरलेल्या फायर अँट राणीला फस्त करणाऱ्या त्याच असतात. मोकळ्या रानात सगळ्यात आधी परत येते ती फायर अँटच. आज लॉनवर महिन्याच्या महिन्याला फवारा मारून घेणारे पाव एकरावर तेच करताहेत.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची कृषी विस्तार सेवा कित्येक वर्षं साधी रीत सांगते आहे: आधी सगळ्या आवारात आमिष विखरा, काही दिवस थांबा, मग दारापाशी, झोक्यापाशी एखादं वारूळ त्रास देत असेल तर तेवढ्यालाच औषध घाला. आमिष लागतं ते एकरी पाऊण किलोच्याही आत, म्हणजे पाव एकराला जेमतेम वाटीभर. दमट हवेत खरी मेख वेळेची आहे. दवाने भिजलेल्या गवतावर टाकलं तर भरडा ओला होतो आणि मुंग्या तोंड लावत नाहीत. चोवीस तासांत पाऊस येणार असेल तर टाकूच नका, स्प्रिंकलरही बंद ठेवा. उन्हाळ्यात टाकायचं ते संध्याकाळी. आधी गवतावर बटाट्याचा एक वेफर ठेवून बघा. अर्ध्या तासात मुंग्या जमल्या तरच पिशवी उघडा. ती पिशवी गॅरेजमध्ये खताशेजारी ठेवू नका. खताचा वास लागला किंवा तेल खवट झालं की आमिष संपलं.

भारतातून आलेले आईबाबा सकाळी चपला काढून गवतावर चालतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. ही मुंगी जबड्याने कातडी घट्ट धरते आणि गोल फिरत पुन्हा पुन्हा नांगी मारते. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पुटकुळ्या येतात, त्या फोडायच्या नाहीत. ज्याला दम लागतो, ओठ-चेहरा सुजतो, त्याच्यासाठी तडक ९११.

आणि एकट्याने करून अर्धंच काम होतं, कारण शेजाऱ्याच्या आवारातल्या मुंग्यांना कुंपण नसतं. आमच्या एचओएला, म्हणजे घरमालकांच्या संघाला, गवत दोन बोटं वाढलेलं लांबून दिसतं, लगेच पत्र येतं. पण पोरं खेळतात त्या सामाईक हिरवळीवर वारुळांची रांग लागलेली असते, त्याबद्दल एक ओळ नाही. पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे: सप्टेंबर-ऑक्टोबरमधली एक कोरडी संध्याकाळ ठरवायची, सामाईक जागेसकट सगळ्या गल्लीने त्याच दिवशी आमिष टाकायचं, आणि सरसकट फवाऱ्याचं कंत्राट बंद करायचं. अनुमोदनाला माणसं हवीत.